मखमलीचा कोट

कातर पुरुषाची आणि सुई बाईची, असा त्या शिंप्याच्या घरातला शिरस्ता होता. बाबा पुढच्या टेबलावर कापड बेतायचे. आई आणि धाकटी लेक मागच्या खोलीत काजं-बटणं करायच्या. अलीकडे बाबांचा हात थरथरू लागला, तशी कातर दादाकडे गेली. दादाला मात्र कातरीपेक्षा आरशाची ओढ जास्त.

त्यानं मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाची एक बाही उलट्या लवेची कापली. मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेनं जावी लागते, नाहीतर एक तुकडा चमकतो आणि दुसरा काळवंडतो. कोट तसाच शिवला असता, तर एक हात दुसऱ्याचा सावत्र भाऊ दिसला असता. उजेड कमी होता, असं दादा म्हणाला.

"उजेड नाही, लक्ष कमी होतं," धाकटी म्हणाली.

पदरमोड करून नवी मखमल आणावी लागली. बाबांनी दादाकडून कातर काढून घेतली. मग त्यांनी ती धाकटीपुढे केली.

"बाईंना पसंत पडला, तर टेबल तुझं. नाहीतर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

तिनं तळहात फिरवून लव पाहिली, प्रत्येक तुकड्यावर खडूनं बाण काढले आणि मगच कातर चालवली. कोट शिवून झाला, तेव्हा दादानंही नावं ठेवायला जागा शोधून पाहिली. त्याला ती मिळाली नाही.

बाई आल्या. शाळेत मुलींना स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवणाऱ्या बाई. आरशापुढे वळून वळून पाहत म्हणाल्या, अगदी अंगासरसा बसलाय, मुलगा तयार झाला हो तुमचा.

"मी बेतलाय तो," धाकटी आतल्या दारातून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा आरशात. आता खांदा त्यांना जरा ओढल्यासारखा वाटू लागला. पाठीत चुणीही दिसली. एकदा मुलाच्या नजरेखालून घाला, असं त्यांनी बाबांना सुचवलं.

दादा गळ्यात टेप अडकवून पुढे झाला, खांद्यावर दोन टाचण्या टोचून त्यानं गंभीरपणे मान हलवली. कोट मागच्या खोलीत आला. बाबांनी टाचण्या काढल्या, मखमलीवरून नुसता ब्रश फिरवला, थोडा वेळ जाऊ दिला आणि कोट तसाच बाहेर नेला.

"आता कसा बसला बघा," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर धाकटी बाबांसमोर उभी राहिली. "एक टाका तरी बदललात का?"

"नाही. पण गिऱ्हाइकाचे डोळे काही माझ्या हातात नाहीत."

"टेबल तर होतं ना तुमच्या हातात?"

बाबांनी कातर दादाच्या बाजूला सरकवली.

धाकटीनं सुई टाचण्यांच्या गादीत खोचली आणि पायात चपला सरकवल्या. कुठे निघालीस, असं आईनं विचारलं. दुसरं दुकान बघायला, असं सांगून ती बाहेर पडली. कोणत्या दुकानात बाईच्या हाती कातर देतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

आई दारापर्यंत गेली, परत आली. धाकटीनं अर्धवट टाकलेला सदरा तिनं मांडीवर ओढला आणि पुढचं काज धरलं. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं.