डाव्या खांद्याचा माणूस

एखादं काम उत्साहानं करायला जावं आणि ते अंगाशी यावं, हे माझं जुनं दुखणं आहे. पण रायफल क्लबचं ते पत्रक नुसतं अंगाशी आलं नाही, आमच्या घरात शिरून बसलं.

त्रेसष्ट सालची गोष्ट. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती आणि औरंगाबादेत जो तो देशासाठी काहीतरी करायला निघाला होता. आमच्या कॉलेजनं रायफल क्लब काढायचं ठरवलं. कवायतीचे बद्रीनाथ सर फौजेतून आलेले, त्यामुळं क्लब त्यांच्याच गळ्यात पडला. रायफली आल्या, हर्सूलच्या तळ्यापलीकडं गोळ्या अडवायला मातीचा उंच ढीग रचून झाला, पण पोरं काही येईनात.

येतील कशी? आमच्या भागातल्या खेड्यांमधून आलेली पोरं बंदुकीचं नाव निघालं की काढता पाय घ्यायची. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीचे दिवस प्रत्येकाच्या घरात दबा धरून बसले होते. कुणाचा चुलता गेलेला, कुणाचा मामा. माझा बाप गेला होता. त्रिंबक त्याचं नाव, मेंढरं राखायचा. निजामाच्या रझाकारांनी गोळी घातली, एवढंच मला ठाऊक होतं. मी तेव्हा मायच्या कडेवर होतो.

माझा हात चित्रांत बरा चालतो हे सरांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सूर्यभान, एक पर्चा काढायचाय. पण भेदरवणारा नको. घरी जेवायला बोलावल्यासारखं वाटलं पाहिजे पोरांना."

बंदुकीच्या जाहिरातीतून जेवायचं आवतण कसं द्यायचं, हे सरांनाच माहीत. पण मीही हट्टाला पेटलो. सरांना रायफल घेऊन उभं केलं आणि समोरून, जरा तिरकं, त्यांचं चित्र काढलं. मग वाटलं, ही फौजी टोपी पाहून खेड्यातलं पोर बुजेल. म्हणून टोपी काढून मुंडासं बांधलं. सरांच्या मिशा तर पोरांना स्वप्नातही दिसत, त्या झाकायला मुंडाशाचा शेव तोंडावरून सोडला. राहिले फक्त डोळे. माणूस आपल्यातला वाटायला लागला. खाली मजकूर घातला: 'या! रायफल क्लब आपला आहे. नेम शिका, निर्भय व्हा.' स्वतःवर इतका खूश मी क्वचितच झालो असेन.

छापखान्यात चित्रासाठी लिनोचा ठोकळा कोरून द्यायचा होता. ते काम मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होतो. ठोकळा नेहमी उलटा कोरायचा असतो, कारण कागदावर त्याची डावी बाजू उजवी होते. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी शहाण्यानं विचारलंही नाही. जसं चित्र होतं तसं कोरून मोकळा झालो. अक्षरं छापखान्याच्या शिशाच्या तयार खिळ्यांची, ती सुलटीच उमटली. त्यामुळं घोटाळा कुणाच्या ध्यानात आला नाही. शहागंजात, बस स्टँडवर, मुकुंदवाडीच्या स्टेशनवर, जागा दिसेल तिथं मी ती पत्रकं चिकटवून आलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी पत्रक हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, डाव्या खांद्याला रायफल? आणि बोल्टची मूठपण डावीकडं? असली रायफल जगात कुणी बनवली नाय आणि असा माणूस आपल्या क्लबात नाय!"

पोरं हसली, मीही हसलो. नवीन ठोकळा कोरून देतो म्हणालो आणि उरलेली पत्रकं घेऊन घरी आलो.

घर म्हणजे गारखेड्याच्या शिवारात नानासाहेबांच्या मळ्यातल्या दोन खोल्या. नानासाहेब आमच्या गावचे मोठे जमीनदार, कॉलेजच्या मंडळावरही होते. बाप गेल्यावर मेंढरं विकावी लागली, तेव्हा त्यांनीच आम्हाला आसरा दिला. माझी माय, बाना, त्यांच्या घरची भांडी घासायची, गोठा सांभाळायची. मला शाळेत घातलं त्यांनी, कॉलेजात त्यांच्याच शब्दावर गेलो. बिनबापाच्या पोराला नानासाहेबांनी मार्गी लावलं, असं सगळा गाव म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. गंमत म्हणून मी पत्रक तिच्यापुढं धरलं. तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तिला भान नव्हतं.

"कुणाला बघून काढलं रं हे?" तिनं विचारलं.

"बद्रीनाथ सरांना. का गं?"

"सर डाव्या खांद्याला लावत्यात बंदूक?"

"नाही गं. माझी चूक झाली, उलटं छापलं गेलं."

मायनं पिठाचा हात पदराला पुसून तो कागद स्वतःच्या हातात घेतला.

"चूक तुझी आसंल," ती म्हणाली, "पर मानूस बराबर हाय."

मग तिनं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. दिवस मावळायला आला होता. बाप मेंढरं वाड्यात कोंडत होता. माय मला घेऊन बाभळीच्या आड होती. एकच माणूस आला. डोक्याला मुंडासं, तोंडावर शेव, फक्त डोळे दिसत होते. त्यानं बंदूक डाव्या खांद्याला लावली. बाप म्हणत होता, "आरं, पर माझं काय चुकलं?" मग आवाज झाला.

"रझाकार होता?" मी विचारलं.

"समदे तसंच म्हनले. मीबी व्हय म्हनले. तवा कुनाचंबी पाप त्यांच्या नावावर खपत हुतं."

"बापाचं कुणाशी भांडण होतं का?"

माय चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिली. "गायरानावरनं हुतं. नानासाहेबांसंगं. ते नांगरायला निघाले हुते, तुझा बाप मेंढरं हलवंना. पर त्यांनीच तर आपल्याला घरात घेतलं, लेकरा. जेवतानी, लिहितानी, मी लई बघितलंय. समदं उजव्या हातानं करत्यात."

म्हणजे इतकी वर्षं माझी माय माणसांचे हात पाहत जगली होती. कुऱ्हाड कोण कुठल्या हातानं धरतो, वैरण कोण कुठल्या हातानं टाकतो. आणि मला वाटायचं, ती लाजाळू आहे, म्हणून मान खाली घालून चालते.

त्यानंतर मायचं बाहेर पडणं अवघड झालं. बाजाराला गेली की भिंतीवरून तो माणूस तिच्याकडं पाहायचा. टपरीवर तो, झाडाच्या खोडावर तो, आणि वर पुन्हा 'या!' म्हणून बोलावत असायचा. एकदा ती रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि दाराला आतून कडी घालून बसली. ज्याला तिनं एवढी वर्षं गिळून ठेवलं होतं, त्याला मी गावभर चिकटवला होता. मी वेड्यासारखा पत्रकं ओरबाडत फिरलो. खळ पक्की बसली होती. कागद निघायचा आणि डोळे भिंतीवरच राहायचे. मला त्या डोळ्यांची खरोखर भीती वाटायला लागली. ते मीच काढले होते, सरांचेच होते, तरी ते सरांचे वाटेनात.

नवं पत्रक सुलटं छापून झालं. पोरंही आली. उद्घाटनाला पहिल्या पाच गोळ्या मंडळाच्या वतीनं नानासाहेबांनी झाडायच्या, असं ठरलं. एके काळी शिकारीत त्यांचा नेम नावाजलेला होता म्हणे. हे ऐकलं आणि माय मला म्हणाली, "मीबी येते."

नानासाहेबांना कौतुक वाटलं. "चल की बाना. पोराचा क्लब बघ," म्हणून त्यांनी तिला आपल्याच जीपमध्ये मागं बसवलं.

हर्सूलला मांडव घातला होता. नारळ फुटला, भाषणं झाली. माय बायकांच्या घोळक्यातून निघून अगदी दोरीपाशी येऊन उभी राहिली. मी तिच्या शेजारी गेलो. नानासाहेबांनी रायफल उजव्या खांद्याला लावावी म्हणून मी देवाला अक्षरशः विनवत होतो. ज्याच्या घरचं अन्न खाऊन मी वाढलो, तो माणूस मला हवा होता. खोटं कशाला बोलू?

सरांनी रायफल भरून दिली. नानासाहेबांनी टोपी सारखी केली, पाय रोवले आणि कसलाही विचार न करता रायफल डाव्या खांद्याला लावली.

गोळी सुटली. नेम बरोबर मधोमध.

"वा!" सर खदखदून हसले. "नानासाहेब तर आपल्या पहिल्या पर्च्यातलेच निघाले की! सूर्यभान, तुझी चूक नव्हतीच रे!"

टाळ्या पडल्या. नानासाहेबही हसले. "उजवा डोळा लहानपणापासून अधू आहे," ते म्हणाले आणि दुसऱ्या गोळीसाठी रायफल उचलताना त्यांचं लक्ष दोरीकडं गेलं. मायचा पदर डोक्यावरून घसरला होता. त्यांच्यासमोर असं तिनं कधी होऊ दिलं नव्हतं. ती त्यांच्या खांद्याकडं पाहत होती.

"डावा," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण तेवढ्यात टाळ्या थांबल्या होत्या.

नानासाहेबांचं हसू गेलं. ते तिच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी रायफल हळूच डाव्या खांद्यावरून काढली आणि उजव्या खांद्याला लावली.

उरलेल्या चारही गोळ्या कुठल्या कुठं गेल्या. वय झालं, असं कुणीतरी म्हणालं. लोक चहाकडं वळले. नानासाहेबांच्या घरचा एकेक घास मला आठवायला लागला.

आम्ही जीपची वाट पाहिली नाही, पायीच निघालो. गारखेड्याचा रस्ता आला तरी माय वळली नाही. मुकुंदवाडीच्या स्टेशनकडं सरळ चालत राहिली.

"माय, घर तिकडं राहिलं," मी म्हणालो.

"पंधरा वरसं त्याच्या घरची भांडी घासली," ती चालता चालताच म्हणाली. "आज वळखलं त्यानं मला."