सोवळ्यातला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना तांब्या आहे. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीचे ठोके खाऊन घडलो आणि गिरिजाआजींच्या बॅगेतून, नऊवारीत गुंडाळून, आयर्लंडला आलो. ब्लँचर्डस्टाउनला त्यांचा मुलगा यशोधन, सून पद्मजा आणि नात कीर्ती राहतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे 'प्रेस' म्हणतात. त्यातच देव बसवले, शेजारी मी. आजींचा दंडक एकच: पारोसा हात मला लागायचा नाही. काय माझी ऐट होती तेव्हा!

आजी पुण्याला परतल्या, दंडक मागे राहिला. त्याचाच फायदा यशोधनने घेतला. चार माणसांत त्याचा जीव गुदमरायचा. कुणाकडे कधी बघावं, कधी हसावं, त्याला उमगायचंच नाही. लोक म्हणायचे, माणूसघाणा! दोन घोट पोटात गेले की मात्र तो इतरांसारखा बोलायचा. मग घोट वाढत गेले. पद्मजा बाटल्यांसाठी घर पालथं घालायची आणि व्होडका असायची माझ्या पोटात. देवाच्या तांब्यावर कोण संशय घेणार? स्वतः मात्र आंघोळ करूनच मला उचलायचा हं, नियमाचा पक्का! मला शिसारी यायची, पण तोंड असून उपयोग काय?

पुढच्या गणपतीला आजी आल्या. सकाळी त्यांनी मला ताज्या पाण्याने भरलं. पाहुणे जमू लागले, झांजा निघाल्या, तसं यशोधनने ते पाणी ओतून टाकलं आणि मला त्याच्या पद्धतीने भरलं. आरती संपली. कापराच्या वासात आजींना काय कळणार? त्यांनी मला पंचपात्रात रिकामं केलं, पळी भरली.

"कीर्ती, हात पुढे कर बाळा. तीर्थ घे."

यशोधन समोरच उभा होता. त्याचे ओठ हलले, शब्द फुटेना. ओंजळ कीर्तीच्या ओठांना लागली. ती ठसकली. तेव्हा कुठे त्याने पंचपात्राला हात मारला आणि ते जमिनीवर पडलं. वास घरभर पसरला.

"ती तुझी मुलगी आहे रे," पद्मजा एवढंच म्हणाली.

तो उपचारांना गेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला चाळिशीनंतर सांगितलं, तुला ऑटिझम आहे, जन्मापासून.

"म्हणजे मी माणूसघाणा नव्हतो?" घरी येऊन त्याने विचारलं.

आजी रडल्या. "पाहुणे आले की माळ्यावर लपायचास. मी धपाटे घालून खाली आणायचे रे!"

आता तो मला चिंचेने घासतो, देवांवर संथ धार धरतो. म्हणतो, "देवासमोर चेहरा करावा लागत नाही." पूर्वी तो देवाआड लपायचा, आता समोर बसतो. मला बरं वाटतं. पण गणपती जवळ आले, फोन वाजू लागले, की त्याची बोटं माझ्या काठावर घुटमळतात आणि मला धडकी भरते.

मित्रांनो, गर्दीत कुणी गुदमरताना दिसलं, तर नावं ठेवू नका. त्याला वेळीच विचारा. उशीर झाला की काय होतं, ते मी रोज सकाळी बघतो. कीर्ती माझ्यातलं पाणी प्यायला येते. यशोधन स्वतःच मला तिच्यापुढे धरतो.

"आधी वास घे."

"इट्स ग्रँड, डॅड," ती हसून म्हणते.

आणि तरी वास घेते.