हवा दमट आहे, बाई

लाकूड कधी खोटं बोलत नाही, अशी आमच्या चढाच्या गल्लीतल्या सगळ्या गिटारवाल्यांची श्रद्धा आहे. लाकूड मुळात बोलतच नाही, ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणी फारशी मनावर घेतलेली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी, हाताने घडवलेली गिटार आहे. जन्म स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा, साल १९६३. माझी छाती स्प्रूसच्या हलक्या लाकडाची, पाठ शिसवीची. मला सिप्रियानोमास्तरांनी घडवलं. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, पण त्यांनी कुणाला काही शिकवल्याचं ऐकिवात नाही. शिकवायचं म्हणजे बोलावं लागतं.

मी कासिल्दाबाईंसाठी होते. त्या वरच्या आळीतल्या शाळेत शिकवायच्या. त्यांचा हात लहान, म्हणून मास्तरांनी तो खाकी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या मापाने माझी मान बारीक तासली. कागद खिळ्याला अडकवून ठेवला. मान झाल्यावरही तो तिथेच राहिला.

आमच्याकडे गिटार पालथी घालून जुळवतात. आधी मान, मग कुशी, मग आतून बोटाच्या पेराएवढे ठोकळे, एकेक करून, गरम सरसाने. पाठ सगळ्यात शेवटी. आणि पाठ लावायची ती कोरड्या हवेतच, हा धंद्याचा नियम. दमट हवेत लावली तर पुढे लाकूड आकसतं आणि छातीला भेग पडते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी फक्त पाठ तेवढी राहिली होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई आल्या.

"झाली का, मास्तर?"

"हवा दमट आहे, बाई."

बाई स्टुलावर बसल्या, अर्धा तास शाळेच्या गोष्टी सांगितल्या आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी हवा दमट होती. त्याच्या पुढच्याही. शाळेला सुट्टी लागली तरी गुरुवार चालू राहिले. भिंतीवर हवेचा ओलावा मोजणारं काट्याचं यंत्र होतं. दर गुरुवारी चारच्या सुमाराला मास्तर त्यावर आपली टोपी अडकवत. मी उघड्या पाठीने पडून हे सगळं बघत होते.

समोरच्या न्हाव्याला, फर्मिनला, ऑगस्टात राहवेना. "मास्तर," तो दारातून म्हणाला, "माझ्याकडे गिऱ्हाइकाच्या गालावर फेस वाळून त्याचं प्लास्टर होतंय. तेवढी तुमची दमट हवा गुरुवारी घटकाभर उसनी द्या की." मास्तरांनी दार लोटून घेतलं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, मास्तरांना काय बोलायचंय ते. आज बोलतात की उद्या, एवढाच प्रश्न होता.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी बाई बसल्या नाहीत. त्यांची आल्मेरियाला बदली झाली होती, महिनाभराने जायचं होतं.

"समुद्र आहे तिथे," त्या म्हणाल्या. "तिथली हवा खरोखरच दमट असते म्हणे."

आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या. भांड्यातल्या सरसावर साय धरली. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. मग यंत्रावरची टोपी काढून डोक्यावर घातली.

"मग आजच पाठ लावून टाकतो," ते म्हणाले.

पाठ लावण्याआधी त्यांनी पेन्सिल घेतली आणि छातीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचीच नजर पोचत नाही अशा जागी, काहीतरी लिहिलं. बाईंनी विचारलं, काय लिहिलंत? "नंबर," मास्तर म्हणाले. मला पेन्सिलीची टोचणी जाणवत होती. नंबर एवढा लांब नसतो.

मित्रांनो, स्वतःच्या छातीत काय लिहिलंय ते स्वतःला वाचता येत नाही. पण मला खात्री होती. जे तोंडाने निघालं नाही ते त्यांनी माझ्यावर सोपवलंय, या अभिमानावर मी आल्मेरियात दिवस काढले. बाई रोज संध्याकाळी वाजवत. ऐकायला समोरची रिकामी खुर्ची. वर्षाकाठी मास्तरांचं एक कार्ड यायचं: तारा बदला, उन्हात ठेवू नका. बाई ते दोनदा वाचत, मागची बाजूही बघत. एके वर्षी कार्डाऐवजी फर्मिन न्हाव्याचं पत्र आलं. त्या संध्याकाळी बाईंनी मला मांडीवर घेतलं, पण वाजवलं नाही.

पुढे त्यांची बोटं आखडली. मी कपाटावर गेले, नाताळच्या देखाव्यातल्या मातीच्या मेंढ्यांच्या खोक्याशेजारी. मेंढ्या वर्षातून एकदा खाली उतरत. मी नाही. खाली हीटर. अकराव्या हिवाळ्यात माझ्या छातीला भेग पडली. आवाज मोठा झाला असावा, कारण बाई उठून आल्या आणि बराच वेळ दिव्याखाली माझ्याकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रॅनाडाच्या बसमध्ये होतो. मास्तरांचं दुकान तेच, आता ते इनेस नावाची तरुणी चालवते. तिने तारांखालच्या माझ्या गोल तोंडातून छोटा दिवा आणि आरसा आत घातला.

"आजी, इथे काहीतरी लिहिलंय."

"नंबर असेल," बाई म्हणाल्या. गल्ल्यावरचा त्यांचा हात मात्र हलेना.

इनेसने सावकाश वाचलं. "२९ ऑगस्ट १९६३. हवा कोरडी. जूनपासून कोरडीच होती."

संपलं. एवढंच. तेहेतीस वर्षं मी छातीशी धरलं ते हवामान होतं.

बाई म्हणाल्या, "ठाऊक होतं गं. त्या उन्हाळ्यात माझे कपडे तासाभरात वाळायचे."

तर मित्रांनो, घरात एखादं जुनं वाद्य असेल तर ते हीटरशेजारच्या कपाटावर टाकू नका. वाजवता येत नसेल तर निदान अधूनमधून खाली काढून हात फिरवा. आणि कुणाला काही सांगायचं असेल तर पाठ लागण्याआधी सांगा.

बाईंनी इनेसला विचारलं, भेग कधी भरून मिळेल. दोन आठवडे लागतील, इनेस म्हणाली, हवा दमट आहे. बाईंनी वळून भिंतीवरच्या यंत्राकडे पाहिलं. त्यावर टोपी नव्हती. काटा अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर होता.