मूलबाळ नाही

बाइंडिंगच्या कारखान्यात त्या दिवशी कायद्याची पुस्तकं शिवायला आली होती. मावशीने सुईत दोरा ओवला आणि शेजारी खळ लावणाऱ्या मैत्रिणीला म्हणाली, "तीस वर्षं शिवतेय गं ही. आत काय लिहिलंय ते काल वकिलाने सांगितलं."

दोघींनी एकाच दिवशी, एकाच अनाथाश्रमातून तान्ह्या मुली घरी आणल्या होत्या. मैत्रिणीची मुलगी तिच्या धर्माच्या कायद्याने रीतसर दत्तक झाली. मावशीच्या धर्माच्या कायद्यात दत्तकच नाही. तिची पोर घरात लेक, कागदावर परकी. मृत्युपत्राचं नाव काढलं की नवरा हसायचा. "लेकीला बापाचं घर द्यायला चिठ्ठी कशाला लागते?" भोळा बिचारा. महिन्यापूर्वी तो गेला.

संध्याकाळी दीर वारसनोंदीचा अर्ज घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. भावाच्या दुखण्यात त्यानेच धावपळ केली होती.

"वहिनी, 'मूलबाळ नाही' या ओळीखाली सही करा. घराचा मोठा वाटा माझ्याकडे येईल, पण तुम्ही दोघी मरेपर्यंत इथंच राहा. माझा शब्द."

"आणि नाही केली तर?"

"तर कोर्टकचेरी. तिथंही हेच ठरेल, आणि मग खर्चापायी घर विकावं लागेल. आपला कायदाच तसा आहे."

गल्लीच्या तोंडाशी यावरूनच रोज वाद चाले. सगळ्यांना एकच कायदा हवा, असं एक जण म्हणे. आमच्या कायद्याला हात लावू नका, असं दुसरा. घसे बसेपर्यंत भांडत. तिच्या पोरीचं काय होणार, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

मुलीने आतून पेन आणून दिलं. "कर सही, आई. कागदाने काय होतंय?" मावशीने पेन घेतलं, लेकीकडे पाहिलं. गोवरात अकरा दिवस आईच्या मांडीवरून न उतरलेली ती पोर.

मावशीने 'नाही' खोडलं. पुढे लिहिलं, 'एक मुलगी', आणि मग सही केली.

"भाऊजी, घर जाऊ दे. खोटं मी लिहिणार नाही."

कोर्टाने दिराचंच म्हणणं धरलं. घर विकलं गेलं. मायलेकी आता कारखान्यामागच्या खोलीत राहतात, एकाच टेबलावर शिवतात. कायद्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली की मावशी लेकीला दत्तकाचं पान काढून वाचायला लावते.

"बदललं का गं?"

"नाही, आई."

मग दोघी सुईत दोरा ओवतात.