एडेलवाइसचा बिल्ला

दर वर्षी नोव्हेंबरात, मृतात्म्यांच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, आई तो कापडी बिल्ला कोमट पाण्यात धुवायची. हिरवट लोकरीवर पांढरं एडेलवाइसचं फूल, मधोमध पिवळे ठिपके. डोंगरी पलटणीत बाबांच्या बाहीवर तोच होता, असं ती सांगायची. वाळला की घरातल्या क्रुसाच्या कोपऱ्यात बाबांच्या फोटोखाली ठेवायची. बाबा युद्धावरून परतलेच नाहीत; बुर्गीने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. तिच्यासाठी बाबा म्हणजे तो फोटो आणि ते फूल. आई गेल्यावर धुण्याचं काम तिच्याकडे आलं.

आणि आता सत्तरी ओलांडलेला तिचा थोरला भाऊ कोर्बिनियान म्हणत होता की बिल्ला बाबांचा नाहीच.

"बाबा सुट्टीवर आले तेव्हा जुना कोट घरी ठेवून गेले होते. तो आईने पुढे लोण्याच्या बदल्यात देऊन टाकला, तेव्हा मी तिथेच उभा होतो. बाहीवर काही नव्हतं. तू सारखी बाबा बाबा करायचीस, म्हणून तिने बाजारातून आणला असेल. असले नकली ढिगाने मिळतात."

"म्हणजे आई खोटं बोलली?"

"तुझ्यासाठी बोलली, बुर्गी."

हे तिला जास्त लागलं. आईने तिला दुसरं काहीच दिलं नव्हतं, एवढी एक गोष्ट दिली होती.

म्हणून रविवारी तिने हेर, म्हणजे श्रीयुत, ओस्टहाइमर यांना कॉफीला बोलावलं. जुने लष्करी कपडे पारखण्यात त्यांचा हातखंडा. आजीच्या लग्नातला टेबलक्लॉथ काढला, सफरचंदाचा केक केला. हेर ओस्टहाइमरनी आधी दोन तुकडे खाल्ले, मग भिंग काढलं. शिलाई जुन्या पद्धतीची वाटते म्हणाले, मागचे टाके बोटाने चाचपले. मग पडदे ओढायला सांगून त्यांनी छोटा जांभळा दिवा लावला.

"त्या काळचा धागा या उजेडात मंद दिसतो. नवा चमकतो."

फूल निळंशार चमकलं. जणू आतून कुणी दिवा लावला होता.

हेर ओस्टहाइमर खाकरले. "माफ करा, बाई."

"मी सांगत होतो," कोर्बिनियान पुटपुटला; पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

घरात पाहुणा होता, म्हणून बुर्गीने किटली उचलली. ओतता ओतता तिची नजर खाली गेली आणि हात थांबला. दिव्याच्या उजेडात अख्खा टेबलक्लॉथ चांदण्यासारखा पेटला होता.

"हेर ओस्टहाइमर, हा आजीने विणलाय. युद्धाच्या कितीतरी आधी."

ते वाकले. टेबलक्लॉथ बघितला, बिल्ला बघितला. "तुमच्या आई हे सगळं कशात धुवायच्या?"

"पांढऱ्याहून पांढरं करणारी पावडर निघाली तेव्हापासून सगळं तिच्यातच, बिल्लाही. शेजारच्या वाल्पुर्गिसबाईंच्या चादरी आपल्यापेक्षा पांढऱ्या दिसल्या की आईला झोप येत नसे."

"अरे देवा!" हेर ओस्टहाइमर स्वतःवरच हसले. "बिल्ला धुणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. धागा नाही, त्यात मुरलेली पावडर चमकतेय! पण खात्री हवी तर मागचा एक धागा जाळावा लागेल. नव्या कृत्रिम धाग्याची वितळून कडक काळी गोळी होते."

"मी कापते," बुर्गी म्हणाली. टोकाचा एक धागा कापून तिने चिमट्यात धरला. काडी लागताच तो भुर्रकन जळला. जळक्या कागदाचा वास आला. बशीत करडी राख उरली, बोट लावलं तशी विरून गेली. गोळी नव्हती.

"जुना," हेर ओस्टहाइमर म्हणाले. "कडेला बघा, टाके कात्रीने उसवलेत. शिवलेला बिल्ला कुणीतरी जपून काढलाय."

कोर्बिनियानने बिल्ला हातात घेतला. बराच वेळ अंगठा फिरवत बसला. "कोट देण्याआधीच काढला आईने. म्हणून मला बाही मोकळी दिसली." मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "केकचा तुकडा दे ना अजून एक."

निघताना हेर ओस्टहाइमर दारात थांबले. "एवढंच ऐका. यापुढे धुऊ नका. लोकर खराब होते."

"बरं," बुर्गी म्हणाली.

नोव्हेंबरात तिने पाणी कोमट केलं. पावडर नेहमीपेक्षा थोडी कमी घातली. कोर्बिनियान टॉवेल हातात धरून शेजारी उभा होता.