दुकानामागची खोली

टेलरताई दुकानाच्या माळ्यावरचा कापडाचा गठ्ठा काढताना शिडीवरून पडल्या आणि कमरेखालचं सगळं गेलं. आधी ऑपरेशन, मग पुनर्वसन केंद्रात चार महिने. तिथे त्या पलंगावरून खुर्चीत सरकायला शिकल्या, बसून जखमा होऊ नयेत म्हणून दर पाव तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायला शिकल्या, ठरलेल्या वेळी नळी घालून स्वतःची लघवी स्वतः काढायला शिकल्या. आता सुट्टी जवळ आली होती.

"इथून कुठे जाणार?" थेरपिस्ट बाईंनी फॉर्म पुढे ओढून विचारलं.

"कुठे म्हणजे?" धाकटा भाऊ ताईंच्या आधी बोलला. "माझ्याकडे. सख्खा भाऊ बसलाय ना इथे!"

ताईंचं स्वतःचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. त्यामुळे बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

"आधी दोन दिवस राहून बघा. मग लिहू," थेरपिस्ट बाई म्हणाल्या.

भावाने बैठकीच्या खोलीत पलंग मांडला होता. भावजय मायाळू, शब्द खाली पडू देत नव्हती. पण न्हाणीघराचं दार अरुंद, खुर्ची आत जाईना. दर वेळी भाऊ दोन्ही हातांवर उचलून न्यायचा, आणि तोही कंबरदुखीवाला. शेजारपाजारचे बघायला यायचे, ताईंसमोरच भावजयीला विचारायचे, "जेवतात का नीट?" जणू ताईंचे कानही गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ जरा लवंडला होता. ताईंना तहान लागली होती, तांब्या हाताशी होता, पण पाणी प्यायलं की न्हाणीघरात न्यायला त्याला उठवावं लागणार. त्यांनी तांब्या परत ठेवला.

केंद्रात परतल्या त्या अंगात ताप घेऊनच. लघवीत जंतू निघाले.

"पाणी किती पीत होतात?" थेरपिस्ट बाईंनी विचारलं.

"पीत होते की."

"ताई."

ताई म्हणाल्या, "दोन दिवसांत तीन भांडी. त्यांचं काही चुकलं नाही हो. जीव लावतात. पण मला तिथे राहायचं नाही. मला माझ्या दुकानात जायचंय."

दुकान रस्त्यालगत, पायरी एकच. मागे कापड ठेवायची खोली, तिथेच मोरी आणि संडास. दुकानात काजं-बटणं करणाऱ्या मावशी आपल्या घरी एकट्याच राहत. त्या म्हणाल्या, "मी रात्रीची येत जाईन झोपायला. घरी तरी माझ्याशी कोण बोलतंय? भिंती!"

भाऊ मात्र पेटला. "लोक काय म्हणतील? बहिणीला दुकानात नेऊन टाकली!"

"टाकली कशी? माझी मी चाललेय."

"मग आम्ही परकेच ना?"

ताईंनी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

थेरपिस्ट बाई स्वतः दुकान बघायला आल्या. खुर्ची पंचवीस इंच, संडासाचं दार बावीस. सुताराने चौकटच काढून टाकली आणि तिथे पडदा आला. पायरीवर सिमेंटचा उतार झाला. कापायच्या टेबलाचे पाय सहा इंच छाटले. मशीनवाल्याने मोटारीचं पॅडल पायाखालून काढून टेबलावर बसवलं, उजव्या कोपराने दाबायचं.

पहिल्या आठवड्यात ताई पलंग आणि खुर्चीच्या मधे घसरून पडल्या. सकाळी घरी गेलेल्या मावशी कामावर परत येईपर्यंत ताई तासभर फरशीवर होत्या. त्या तासात त्यांना वाटलं, भाऊ बरोबर सांगत होता. संध्याकाळी थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्यांनी खुर्चीचे ब्रेक कसे लावता ते विचारलं. एकच लावला होता. दुसऱ्या दिवशी ताईंनी दोन्ही ब्रेक लावले आणि दहा वेळा इकडून तिकडे सरकून बघितलं.

पहिला ब्लाउज शिवला तो बाहीपाशी तिरका गेला. कोपराला अजून वेगाचा अंदाज नव्हता. उसवला, पुन्हा शिवला. तिसरा बरा झाला. गिऱ्हाइकं आधी खुर्चीकडे बघायची, मग दोन मिनिटांत गळ्याच्या आकारावरून नेहमीसारखीच भांडायची.

भाऊ तीन आठवडे फिरकला नाही, फोनवर फक्त "बरी आहेस ना?" चौथ्या रविवारी पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"हिचे दोन ब्लाउज आहेत. दुसरीकडे दिले होते, खांद्यात पार घोळ करून ठेवलाय. म्हणते, ताईंकडेच द्या."

ताईंनी ब्लाउज उलटे करून शिवण बघितली. "शनिवारी ये."

"शनिवारी? घरच्यांनाही रांग?"

"आधीची पाच जणं थांबलीत. त्यांना काय सांगू?"

भाऊ हसू दाबत स्टुलावर बसला. उगाच इकडेतिकडे बघितलं, उठून मागची खोली न्याहाळली, संडासाचा पडदा सारून बघितला, उतारावर बुटाने दाबून सिमेंट पक्कं आहे का ते पाहिलं. मग म्हणाला, "मागच्या खोलीतल्या दिव्याचं बटण फार वर आहे. खाली घ्यायला हवं. उद्या वायरमनला घेऊन येतो."

"ये," ताई म्हणाल्या आणि मापाची वही उघडली.