दोनदा डिपर

विमानतळावर सामानाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांची लेक वैमानिक झाली, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीचं डोकं खाल्लं होतं. आता ती दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याच विमानतळावर उतरायची, चाळीस मिनिटांत उडून जायची, आणि काकांना दिसायचं फक्त विमानाचं पोट. खाली यायला तिला सवड नसे, वर जायला यांना परवानगी नसे. पाच महिन्यांत ती घरी आली नव्हती. काकांचा जीव नुसता तुटायचा.

ती लहान असताना गल्लीच्या तोंडाशी आले की काका स्कूटरचा डिपर दोनदा मारायचे. पोरगी हातातलं टाकून दाराशी धावायची. एका गुरुवारी त्यांना राहवलं नाही. तिचं विमान वळून समोर आलं आणि काकांनी ट्रॅक्टरचा डिपर मारला. दोनदा, थेट काचेवर. विमान जागच्या जागी थांबलं. तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हे शोभलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लेखी तक्रार पुढ्यात ठेवली. समोरून मारलेल्या दिव्यांनी डोळे दिपले, जमिनीवरची पिवळी रेघ दिसेना, असं लिहिलं होतं. खाली सही लेकीची.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, तुम्हीच होतात ना?"

"कसं ओळखलंस?"

"दोनदा मारलात की. ओळखूनच तक्रार लिहिली. माझ्या मागे दीडशे माणसं बसलेली असतात, बाबा."

"बरं केलंस. माझंच चुकलं," काका म्हणाले.

"पुढच्या गुरुवारी ट्रॅक्टर उभा केलात की दिवे बंद ठेवा. सगळे."

गुरुवारी काका, इशारा मिळेपर्यंत जी ओलांडायची नाही त्या लाल रेघेच्या बरेच मागे, दिवे मालवून बसले. विमान आलं, जागेवर लागलं, इंजिनं शांत झाली. वरची काच काळीच होती. एरवी यांचेच दिवे त्या काचेवर चमकायचे, आतलं माणूस दिसणार कसं?

मग आतला दिवा लागला. लेक खिडकीला नाक लावून खाली बघत होती, किती वाळली होती पोर! दिवा विझला, पुन्हा लागला. दोनदा.

काका हातातले हातमोजे तिथंच टाकून धावत सुटले, ते थेट लाल रेघेपर्यंत. त्यापुढे जायची परवानगी नव्हती.